‘मारलं’ने भागत नाही : इंग्रजी बोलीतल्या हाणामारीच्या क्रियापदांचा तक्ता, कामाच्या नोंदी

२९ सप्टेंबर

एका ब्रिटिश गुन्हेमालिकेचे आठ भाग मराठी उपशीर्षकांसाठी हातात आहेत. पहिले दोन भाग मी करून दिले आणि संपादक ताईंनी ते परत पाठवले. दोन भागांत मिळून ३४ ठिकाणी मी ‘मारलं’ लिहिलं होतं. मूळ संवाद काढून मोजले तर त्या ३४ जागी १९ वेगवेगळी क्रियापदं निघाली. कुणी बाटली फोडलीय, कुणी कपाळाने नाक चेचलंय, कुणी पोराला चापट दिलीय, आणि माझ्या मराठीत सगळेजण नुसतेच मारतायत. ताईंनी एवढंच लिहिलं होतं : “कोण कशानं मारतंय ते मला कळलं नाही. बघणाऱ्यालाही कळणार नाही.”

शेरा खरा आहे. म्हणून पुढचे सहा भाग सुरू करण्याआधी एक तक्ता करायचा ठरवलं. असलं काम पुढे आणखी कुणाला करावं लागेल, त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

३ ऑक्टोबर

चार दिवस कोश चाळले. जोनाथन ग्रीन यांचा बोलीकोश इंटरनेटवर आहे. एरिक पार्ट्रिज यांच्या १९३७ च्या कोशाची नंतरची एक जुनी प्रत अप्पा बळवंत चौकात ६५० रुपयांना मिळाली. फ्रान्सिस ग्रोस यांचा १७८५ चा कोशही उघडला. मारण्याची १४३ क्रियापदं जमली आणि फार बरं वाटलं.

आज ती यादी संवादांशी ताडून पाहिली. आठ भागांत त्यांपैकी जेमतेम ३८ आहेत. बाकीची अठराव्या शतकातल्या लंडनच्या चोरांची, नाहीतर अमेरिकन मुष्टियुद्धाच्या बातम्यांमधली. चार दिवस वाया गेले. आधी संवाद वाचायचे, त्यात आलेला शब्द कोशात शोधायचा. मी उलटं केलं.

६ ऑक्टोबर

आठही भागांच्या संवादफायलींत शोध लावला. पहिला शोध ‘हिट’चा. ४१२ ठिकाणं आली आणि मी हादरलो. नंतर लक्षात आलं, त्या तीन रोमन अक्षरांचा जोड ‘व्हाइट’च्या स्पेलिंगमध्येही येतो, ‘आर्किटेक्ट’मध्येही येतो. अख्खा शब्द शोधायची खूण करायची राहिली होती. ती केल्यावर २७ उरली.

दुसरी चूक महागात पडली. तक्ता अकारविल्हे लावताना फक्त पहिला रकाना निवडला. इंग्रजी शब्द वरखाली झाले, मराठी प्रतिशब्द जागच्या जागी राहिले. ‘स्मॅक’समोर ‘शुद्ध हरपेपर्यंत ठोकणे’ आलं. फाईल तशीच जतन केली, बंद केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. जुनी प्रत ठेवली नव्हती. दीड दिवस पुन्हा टंकन. आता रोज संध्याकाळी तारखेच्या नावाने वेगळी प्रत ठेवतो.

१० ऑक्टोबर

तक्त्याची पहिली मांडणी रद्द केली. दोनच रकाने होते, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी. तसा तक्ता कोशातही मिळतो आणि त्याचा उपयोग होत नाही, हे भाग एकमध्येच सिद्ध झालं आहे.

इंग्रजी बोलीतली ही क्रियापदं जवळ ठेवून नीट पाहिली की दिसतं, प्रत्येकजण वेगळी गोष्ट सांगतोय. ‘चिन’ म्हणजे हनुवटी, आणि कुणाला ‘चिन’ केलं म्हणजे तिथेच ठोसा दिला. हा शब्द जागा सांगतो. ‘डेक’ म्हणजे जहाजावरची पायाखालची फरशी, म्हणून जमीन. ‘डेक’ केलं म्हणजे माणूस खाली गेला. तो हाताने पाडला की कशाने, हे त्यात नाही, निकाल आहे. ‘नट’ म्हणजे डोकं, म्हणून ‘नट’ करणं म्हणजे कपाळाने हाणणं. ‘ग्लास’ करणं हे इंग्लंडच्या दारूच्या गुत्त्यातलं क्रियापद : काचेचा पेला समोरच्याच्या तोंडावर फोडणं. ‘क्लाउट’ बहुतेक वेळा डोक्यावर किंवा कानावर पडतो. ‘बॅटर’ एका फटक्याचा नाहीच, तो चालू राहतो. ‘डफ अप’ आणि ‘डू ओव्हर’ यांतही एक फटका नसतो, बेदम मार असतो.

म्हणून आता पाच रकाने केले : कशाने, कुठे, किती वेळा, पुढे त्या माणसाचं काय झालं, आणि हे सांगतंय कोण. मराठी शब्द सहाव्या रकान्यात. आधीचे पाच भरल्याशिवाय सहावा भरायचा नाही असा नियम स्वतःला घातला.

नियम लगेच कामी आला. ‘डेक’साठी माझ्याकडे ‘ठोसा मारला’ होतं. चौथा रकाना भरताना ते चूक दिसलं. ‘आडवा केला’ किंवा ‘लोळवला’ हवं. दोन्ही शब्द छोटेही आहेत, आणि आमच्या ओळीला ४२ अक्षरखुणांची मर्यादा आहे. ‘कानाखाली आवाज काढला’ हा झकास प्रयोग, पण सव्वा सेकंदाच्या दृश्यात तो वाचून होत नाही. ‘कानफटात दिली’ बसतं.

१५ ऑक्टोबर

ही नोंद लिहायला जड जातंय, पण ती हवीच.

भाग दोनमध्ये एक पोलीस अधिकारी सांगतो की गुत्त्याच्या दाराशी त्याने संशयिताला ‘क्लॉक’ केलं. मी लिहिलं होतं : “दाराशी मी त्याला ठोसा लगावला.” आज पुढचं दृश्य पाहताना पाय गळाले. ‘क्लॉक’चा अर्थ तोंडावर ठोसा देणं असा आहेच, घड्याळाला जशी तबकडी तसं माणसाला तोंड, यावरून तो आला असं मानतात. पण ब्रिटिश बोलीत ‘क्लॉक’ म्हणजे नजरेने टिपणं, ओळखणंही. त्या अधिकाऱ्याने संशयिताला फक्त पाहिलं होतं. माझ्या एका ओळीने तो मराठी प्रेक्षकासाठी संशयितांवर हात टाकणारा पोलीस झाला, आणि पाचव्या भागात त्याच्यावर खोटा आरोप होतो तेव्हा तो आरोप खरा वाटला असता. भाग परत आला म्हणून वाचलो.

मग अशा दुतोंडी शब्दांसाठी वेगळं पान काढलं. यात सगळा दिवस गेला आणि तो सार्थकी लागला.

कुणाला ‘बॉटल’ केलं तर बाटली डोक्यात घातली. पण ‘इट’ लावून ‘बॉटल्ड इट’ म्हटलं तर ऐन वेळी कच खाल्ली. एकाच भागात दोन्ही आहेत, चार मिनिटांच्या अंतराने.

‘बेल्ट’ केलं म्हणजे जोरात हाणलं. मूळ अर्थ कमरेच्या पट्ट्याने मारणं, म्हणून मी ‘पट्ट्याने फोडलं’ लिहिलं होतं. दृश्यात कुणाच्याही हातात पट्टा नाही. ‘बेल्ट अप’ म्हटलं तर ‘गप्प बस’. मारण्याचा संबंध नाही.

‘व्हॅक’ म्हणजे रट्टा. अमेरिकन माफियाच्या तोंडी तोच शब्द म्हणजे कायमचा संपवणं. ब्रिटिश माणूस ‘मी व्हॅक्ड आहे’ म्हणाला तर तो दमला आहे.

‘मग’चा प्रवास फार लांबचा. बोलीत ‘मग’ म्हणजे थोबाड. मुष्टियोद्ध्यांत त्याचं क्रियापद झालं, थोबाडावर मारणं. पुढे रस्त्यात मारून लुटणं, आणि आज नुसतं लुटणं. आमच्या भाग चारमध्ये बाईला ‘मग’ केलंय, तिच्या अंगाला कुणी हात लावलेला नाही. ‘लुबाडलं’ लिहिलं.

‘सेट अबाउट’ म्हणजे कामाला लागणं आणि माणसावर तुटून पडणंही. ‘हॅव अ बॅश’ म्हणजे प्रयत्न करून बघणं. ‘बॅश अप’ मात्र आपल्याकडे इंग्रजी शाळांतली पोरं सर्रास म्हणतात, त्याला शोधायला जावं लागलं नाही.

१९ ऑक्टोबर

आता मराठीची बाजू. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शेजारी. वाटलं होतं मराठी शब्द कमी पडतील. कमी पडले नाहीत. हाणणे, बडवणे, बदडणे, बुकलणे, चोपणे, झोडपणे, धोपटणे, कुटणे, तुडवणे, सडकणे, फटकावणे, ठोकणे. नामांत चापट, चपराक, थप्पड, टपली, धपाटा, रपाटा, रट्टा, गुद्दा, बुक्की, ठोसा, दणका, तडाखा. जीभ अडखळत नाही अशी ही यादी आहे, आणि मी ३४ वेळा ‘मारलं’ लिहून बसलो होतो.

स्वयंपाकघरातून आलेले प्रयोग दोन्ही भाषांत आहेत हे बघून आनंद झाला. आपण एखाद्याची कणिक तिंबतो. इंग्रजीत ‘बॅटर’ म्हणजे भज्याचं पीठही आणि बदडणंही, दोन्ही मारण्या-फेटण्याच्या एकाच मुळाचे. म्हणून उत्साहाने ‘बॅटर’समोर ‘कणिक तिंबणे’ लिहिलं. (नंतरची भर : ते पुढे खोडावं लागलं, २५ नोव्हेंबरची नोंद पाहा.)

‘चौदावं रत्न दाखवलं’ हाही मोह होता. नको. मँचेस्टरच्या गोदामातला माणूस समुद्रमंथनाच्या भाषेत बोलला की प्रेक्षक त्या गोदामातून उठून दुसरीकडे जातो. हाच नियम ‘प्रसाद दिला’ला लावला.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. काम बंद. फक्त एक गोष्ट टिपून ठेवतो : मामेबहीण ग्लासगोला असते, तिच्याशी फोनवर बोलणं झालं. भाग तीनमधला स्कॉटिश म्हातारा जे ‘स्केल्प’ म्हणतो ते मला ठोसा वाटत होतं. ती म्हणाली, “अरे दादा, स्केल्प म्हणजे उघड्या हाताची चापट. इथल्या आज्या नातवंडांना म्हणतात.” ‘ग्लासगो किस’ म्हणजे कपाळाने नाकावर हाणणं हे मला ठाऊक होतं. ती म्हणाली की हा शब्द लोकांनी तिच्या शहराला चिकटवलाय आणि तिला तो आवडत नाही. संवादात तो आहे, त्यामुळे टाळता येत नाही. पण मी उपशीर्षकात शहराचं नाव घेतलं नाही, ‘कपाळ हाणीन’ लिहिलं. अर्थ पूर्ण पोचतो.

२ नोव्हेंबर

‘स्मॅक’. एवढ्या एका शब्दावर ताईंशी तासभर बोललो.

ब्रिटनमध्ये मुलाला चापट मारणं म्हणजे ‘स्मॅक’. हा शब्द घरातला, सौम्य. म्हणूनच त्यावर वाद आहे. ज्यांना मुलांवर हात उचललेला चालत नाही ते म्हणतात, मोठ्या माणसाला केलं तर जो हल्ला ठरतो त्याला मुलाच्या बाबतीत गोड नाव कशाला? स्कॉटलंडमध्ये ७ नोव्हेंबर २०२० पासून आणि वेल्समध्ये २१ मार्च २०२२ पासून आईवडिलांचा ‘वाजवी शिक्षा केली’ हा बचाव कायद्याने काढून घेतला. आमच्या भाग तीनमध्ये शाळेतल्या बाई मुलाच्या बापाला विचारतात, तुम्ही याला ‘स्मॅक’ करता का. बाप म्हणतो, कधीतरी.

मी ‘मारता का’ लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, मग बाप लगेच नाकारेल, त्या प्रश्नातला सापळाच जाईल. बाईंनी मुद्दाम सौम्य शब्द वापरलाय म्हणून तो ‘कधीतरी’ म्हणतो. शेवटी “धपाटा वगैरे देता का याला?” असं केलं. ‘वगैरे’ ताईंचा. त्या एका शब्दाने प्रश्न सहज विचारल्यासारखा झाला.

९ नोव्हेंबर

आत्याकडे मावळात. भाताची झोडणी चालू होती. तक्ता घेऊन गेलो नव्हतो, पण या सबंध कामातली सर्वांत मोठी अडचण तिथे सुटली.

‘थ्रॅश’ मला तीन आठवडे छळत होता. ‘बॅटर’पेक्षा तो वेगळा कसा? दोन्हीत मार पुष्कळ, दोन्हीत मारणारा थांबत नाही. मी दोन्हींना ‘बदडणे’ दिलं होतं आणि भाग सहामध्ये हे दोन शब्द एकाच वाक्यात शेजारी येतात.

खळ्यावर आत्याचा मुलगा पेंढी दोन्ही हातांनी धरून लोखंडी पिंपावर आपटत होता. आपटायची, फिरवायची, पुन्हा आपटायची. दाणे खाली, पेंढा बाजूला. मी म्हटलं, “आत्या, मशीन नाही आणलं?” ती म्हणाली, “एवढ्याशा खाचराला मशीन कशाला? आणि पेंढा चांगला लांब राहतो, गुरांना बरा.” मग त्याला ओरडून म्हणाली, “नीट झोड रे, दाणा राहतोय वर.”

नीट झोड. ‘थ्रॅश’ आणि ‘थ्रेश’ हे मुळात एकच. ‘थ्रेश’ म्हणजे धान्याची झोडणी-मळणी, आणि त्याच शब्दाचा दुसरा उच्चार माणसाला मारण्यासाठी रूढ झाला. आपल्याकडेही अगदी हेच घडलं आहे. भात झोडतात, माणसाला झोडपतात. ‘बडवणे’त जोर आहे, ‘बदडणे’त राग आहे, ‘झोडपणे’त लय आहे : वर, खाली, पुन्हा वर, आणि जोवर शेवटचा दाणा गळत नाही तोवर. म्हणूनच पाऊस झोडपतो आणि वारा झोडपतो, पण पाऊस कुणाला बदडत नाही. ‘थ्रॅश’चं इंग्रजीत हेच आहे. वादळात फांद्या, लाटा, पाण्यात हातपाय, सगळे ‘थ्रॅश’ करतात. ‘बॅटर’ वेगळा. त्यात ज्याच्यावर पडतंय ते मोडतं.

दोन वेगवेगळ्या देशांतल्या शेतकऱ्यांनी खळ्यावर तेच काम केलं आणि भांडणासाठी तिथूनच शब्द उचलला, हे उभ्या उभ्या कळलं तेव्हा मला खरोखर भरून आलं. एक पेंढी मीही झोडली. दहा-बारा आपटण्यांत खांदे भरून आले. ज्याला ‘थ्रॅश’ केलंय तो आणि ज्याने केलंय तो, दोघांची दृश्यं नंतर वेगळ्या नजरेने पाहिली : मारणाराही त्यात दमतो, आणि भाग सहामधला तो नट खरंच दम लागल्यासारखा वाकून उभा राहतो.

‘थ्रॅश’ = झोडपणे. पक्कं.

१२ नोव्हेंबर

मूळ शोधण्याच्या नादात अर्धा दिवस गेला. लिहून ठेवतो, कारण त्यातलं थोडं उपयोगाचं आहे.

‘ड्रब’ म्हणजे काठीने मारणं, आज मुख्यतः खेळात धुव्वा उडवणं. तो बहुधा अरबी ‘दरब’वरून, म्हणजे प्रहार, सतराव्या शतकातल्या प्रवाशांनी इंग्रजीत नेला. तोच अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे ‘जरब’ होऊन आला. इंग्रजीत तो मार राहिला, मराठीत माराची भीती झाला. मास्तरांची जरब असते, त्यांना छडी उचलावीही लागत नाही.

आपला ‘चाबूक’ फारसी. तो मलायामार्गे दक्षिण आफ्रिकेत जाऊन ‘शांबोक’ झाला, गेंड्याच्या कातड्याचा जाड आसूड, आणि तिथल्या इंग्रजीत त्याचं क्रियापदही झालं. ‘लाठीचार्ज’ तर आपल्याकडच्या इंग्रजीनेच घडवला. ‘पमल’ म्हणजे गुद्द्यांचा वर्षाव, तो तलवारीच्या मुठीच्या गोळ्याच्या नावावरून. म्हणजे पात्याने नव्हे, मुठीने. त्यामुळे ‘पमल’समोर ‘बुकलणे’ निःशंकपणे लिहिता आलं. अर्ध्या दिवसाची कमाई एवढीच, पण ती घट्ट आहे.

‘क्लॉबर’चं मूळ सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाच्या बोलीतून तो वर आला. त्यात बॉम्बफेकीचा दणका आहे, म्हणून हाताच्या एका फटक्याला तो वापरला तरी मोठा वाटतो. १० जानेवारी १९८५ ला वानखेडेवर रवी शास्त्रींनी तिलक राज यांच्या एका षटकात सहा षटकार मारले, ते ‘क्लॉबर’. ‘सडकून काढणे’ दिलं.

१७ नोव्हेंबर

भाग सहामध्ये एक ऑस्ट्रेलियन पात्र येतं आणि म्हणतं की त्याच्या भावाला ‘किंग-हिट’ झाला. मी ‘जबरदस्त ठोसा’ लिहिलं, पुढे गेलो, आणि रात्री परत आलो. शब्द नीट पाहायला हवा होता.

‘किंग-हिट’ म्हणजे बेसावध माणसाला दिलेला एकच ठोसा, बहुतेकदा असा की तो पडून डोकं आपटतं. सिडनीत २०१२ पासून रात्री रस्त्यावर अशा ठोशांनी तरुण मुलं मेली तेव्हा लोकांनी या नावालाच हरकत घेतली. मागून येऊन मारण्यात राजासारखं काय आहे? वर्तमानपत्रांनी आणि नेत्यांनी ‘कावर्ड पंच’, भ्याडाचा ठोसा, म्हणायला सुरुवात केली. २०१४ मध्ये तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याने अशा मारण्याने जीव गेला तर तो वेगळा गुन्हा केला आणि मारणारा नशेत असेल तर किमान आठ वर्षं कैद ठेवली.

आमचं पात्र जुना शब्द वापरतं, कारण तो मेलेल्या मुलाचा मोठा भाऊ आहे आणि त्याच्या तोंडात लहानपणापासूनचा शब्द बसलाय. मी ‘जबरदस्त’ लिहून मारणाऱ्याला शाबासकी दिली होती. “बेसावध गाठून एकच हाणला” असं केलं. एक ओळ लांबली. ताईंनी पुढच्या उपशीर्षकातून तीन खुणा कमी करून जागा दिली.

२१ नोव्हेंबर

तोंडी हल्ल्याची क्रियापदं. इथे फार वेळ लागला नाही. ‘स्लॅम’, ‘ब्लास्ट’ हे वर्तमानपत्री मथळ्यांचे, आखूड म्हणून लाडके. ‘लॅम्बेस्ट’ हा ‘लॅम’ आणि ‘बेस्ट’ अशा मारण्याच्या दोन क्रियापदांचा जोड, पण आता शब्दांनीच होतो. ‘हॅव अ गो’ म्हणजे टोचून बोलणं. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्यामुळे १९८० च्या दशकात ‘हँडबॅग’चं क्रियापद झालं : मंत्र्यांना आणि युरोपियन नेत्यांना त्या शब्दांनी असं झोडायच्या की हातातली पर्सच डोक्यात घातल्यासारखं. भाग सातमध्ये एक खासदार तो वापरतो. ‘पर्स’ ठेवून काही जमलं नाही. “बाईंनी सोलून काढलं मला” यावर थांबलो. टीकेची ‘झोड’ उठते, हे मात्र पुन्हा खळ्याकडे घेऊन गेलं.

२५ नोव्हेंबर

सगळ्यांत मोठी चूक आज सापडली, आणि ती मी तक्त्यात स्वतःच्या हाताने रुजवली होती.

भाग सातमध्ये एका घरातली गोष्ट तीन माणसं सांगतात. नवरा पोलिसांना सांगतो की त्याने बायकोला एक ‘स्लॅप’ दिली. पोलीस नोंदीत ‘असॉल्ट’ लिहितो. बायको तिच्या बहिणीला सांगते की तो तिला ‘बॅटर’ करायचा. मी सहावा रकाना बघून यंत्रासारखं भरत गेलो आणि बायकोच्या तोंडी आलं : “तो माझी कणिक तिंबायचा.” आणि दुसऱ्या एका ओळीत, “त्याने मला चोप दिला.”

छापून काढून मोठ्याने वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. मार खाल्लेली बाई स्वतःबद्दल असं बोलत नाही. कणिक तिंबतो तो मारणारा, आणि तो मित्रांना हसत सांगतो. ‘चोप दिला’ तर त्याहून वाईट, कारण चोप चोराला मिळतो, गुंडाला मिळतो. त्या शब्दात ‘बरं झालं’ आहे. ‘धुलाई’, ‘पाठ मऊ केली’, ‘समाचार घेतला’, ‘प्रसाद’, ‘चौदावं रत्न’ : आपल्याकडचे किती गाजलेले प्रयोग मारणाऱ्याच्या बाजूला उभे राहून बोलतात! मी ते वर्षानुवर्षं बोलत आलो, लिहीत आलो, आणि हे दिसलं नव्हतं.

इंग्रजीत ‘बॅटर्ड’ या शब्दाचं वजन वेगळं आहे. १९७१ मध्ये एरिन पिझी यांनी लंडनच्या चिझिक भागात मार खाणाऱ्या बायकांसाठी आसरा उघडला, तेव्हापासून या विषयावर बोलताना हा शब्द गंभीरपणे वापरला गेला आहे. बायकोच्या तोंडी तो येतो तेव्हा त्यात एक दिवस नाही, वर्षं आहेत.

तिन्ही ओळी पुन्हा लिहिल्या. नवरा : “एक लगावली फक्त.” पोलीस : “मारहाण.” बायको : “बदडायचा मला.” ‘-यचा’ने सवय आली, आणखी काही लागलं नाही.

मग पाचवा रकाना, ‘सांगतंय कोण’, फोडून त्याचे दोन केले : सांगणारा मारणाऱ्याच्या बाजूचा की मार खाणाऱ्याच्या. आणि शेवटी आणखी एक रकाना वाढवला, हा मराठी शब्द कुणाच्या बाजूला आहे. (नंतरची भर : ७१ ओळी पुन्हा तपासायला पुढच्या तीन रात्री गेल्या. १७ ठिकाणी शब्द बदलला. संपलेल्या भागांतही परत जावं लागलं.) ज्याला हा तक्ता वापरायचा असेल त्याने हे दोन रकाने पहिल्याच दिवशी करावेत, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

३० नोव्हेंबर

चाचणी. भाग पाच आणि सात तीन जणांना दाखवले : बाबा, शेजारच्या काकू, आणि बारावीतली पुतणी. आवाज बंद, फक्त चित्र आणि मराठी ओळी.

पुतणीला ‘बुकलला’ कळलं नाही. प्रसंगावरून अंदाज आला, पण शब्द अडला. काकूंना ‘लोळवला’ दारू पिऊन लोळण्यासारखा वाटला, कारण दृश्य गुत्त्यातलं. तिथे ‘आडवा केला’ घेतलं. बाबांनी एक चूक पकडली जी आम्हा दोघांना दिसली नव्हती : पोलीस नोंदीतली ‘मारहाण’ ठीक, पण तोच पोलीस गाडीत सहकाऱ्याशी बोलताना तोच शब्द वापरतो. “कचेरीबाहेर माणूस असं बोलतो का?” तिथे ‘हाणामारी’ केलं.

‘बुकलला’ काढायचा की ठेवायचा यावर ताईंशी मतभेद झाला. त्या म्हणाल्या काढ. मी ठेवला. पुतणीला प्रसंगावरून कळलं, म्हणजे पुढच्या वेळी शब्दावरून कळेल. माझा हट्ट आहे आणि तो मला बरोबर वाटतो.

४ डिसेंबर

आठही भाग दिले. हिशेब असा. खर्च : जुना कोश ६५०, छपाई २१०, मावळला जाण्यायेण्याचे ३४०, एकूण १,२०० रुपये. वेळ : तक्त्यावर ११६ तास, त्यांतले साधारण ४० तास माझ्या चुकांनी गेले (पहिली यादी, सरमिसळ झालेला रकाना, आणि २५ तारखेची दुरुस्ती). तक्त्यात आता ७१ ओळी, त्यांतल्या ६९ भरलेल्या.

रिकाम्या दोनपैकी एक ‘वॉलप’. त्याचं मूळ घोड्याच्या दौडीत आहे, ‘गॅलप’चाच तो सख्खा भाऊ. त्यात जोर आहे, आवाज आहे, आणि थोडा उमदेपणाही. ‘दणका’ जवळ येतो, पण दणका वस्तूलाही बसतो, सरकारलाही बसतो. तात्पुरता तोच ठेवलाय, कंसात प्रश्नचिन्हासह.

दुसरा ‘लॅम्प’. मँचेस्टरचा तो गोदामवाला आठव्या भागात शेवटच्या दृश्यात म्हणतो, “मी त्याला लॅम्प करणार होतो, पण केलं नाही.” दिलेल्या प्रतीत “एक ठेवून देणार होतो” आहे. ठेवून देण्यात निवांतपणा आहे आणि त्या माणसाचा हात तेव्हा थरथरत होता. आत्याच्या मुलाला विचारलंय, तुमच्याकडे काय म्हणतात. तो म्हणाला, भात कणगीत भरून झालं की सांगतो.